कागदावरचे साठ हॉर्सपॉवर

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे, भंगार नाही. जालन्याच्या एका तंत्रशाळेत गाड्यांच्या इंजिनांचे हॉर्सपॉवर मोजण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. इंजिन मला फिरवते आणि माझ्यावर गुंडाळलेल्या दोरीला वजने टांगून त्याला अडवतात. किती ताण झेलून ते मिनिटाला किती फेरे मारते, यावरून गणित मांडतात. पंचाहत्तर किलो एका सेकंदात एक मीटर वर उचलले की एक हॉर्सपॉवर. यात लपवाछपवी कुठे आहे? तरी संगणकाचे नवे यंत्र आणायचे ठरले आणि माझे नाव भंगाराच्या यादीत गेले. मला राग आला. तो अजून गेलेला नाही.

त्याच आठवड्यात वडीगोद्रीच्या दुर्गाबाई आल्या. त्यांच्या जीपचे इंजिनकाम कारभारी मिस्त्रीने नुकतेच केले होते, पण मोसंबी भरली की जीप चढावर बंद पडायची. तोडणी तोंडावर आलेली आणि मिस्त्री चूक कबूल करेना. शेवटी बाईंनी इंजिन उतरवून मिस्त्रीसकट इथे आणले.

"मावशी, साठ हॉर्सपॉवर हाय हे. कंपनीच्या कागदावर लिव्हलंय," कारभारी म्हणाला.

"कंपनीनं नव्या इंजिनाचं लिहिलंय. आपण ह्याचं मोजू," आमच्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या.

दोन हजार फेऱ्यांवर साठ भरायला बहात्तर किलोचा ताण पेलावा लागतो. माझ्यावर पाणी ओतत होते, तरी अंगातून वाफा निघत होत्या. अठ्ठेचाळीस किलोवरच इंजिन धापा टाकू लागले. म्हणजे चाळीस हॉर्सपॉवर.

"ह्या भंगाराचं काय ऐकून राह्यल्या? वजनंच खोटी असतील," कारभारी बोलला.

मॅडमनी जुन्या जालन्यातले धान्याचे व्यापारी शिवनारायणशेठ यांना फोन केला. शेठ स्वतः ऑटोत आपली वजने घेऊन आले.

"बराबर तपासून सरकारी शिक्का मारलेली हायेत. शक असंल तर आत्ताच बोल," ते कारभारीला म्हणाले.

पुन्हा अठ्ठेचाळीसच. कारभारीने मान खाली घातली.

"पिस्टनच्या रिंगा जुन्याच टाकल्या होत्या, मावशी. जल्दी होती," तो पुटपुटला.

त्याने नव्या रिंगा बसवल्या. तिसऱ्या दिवशी सहासष्ट किलो पेलले. पंचावन्न हॉर्सपॉवर.

"मॅडम, आता साठच लिवा ना," कारभारी अजिजीने म्हणाला.

"पंचावन्नच लिवा," दुर्गाबाईंनी त्याला थांबवले. "चढावर कागद थोडाच गाडी वढतो."

त्या दिवशी मला धन्य वाटले. यादीतून माझे नाव मात्र अजून निघालेले नाही. मित्रांनो, नवे यंत्र खुशाल येऊ द्या. फक्त मला तेलपाणी करा, दोरी बदला आणि त्याच्या शेजारी उभे ठेवा. ते जो आकडा सांगेल, तो मी पुन्हा तोलून पाहीन.