गाऱ्हाण्याचा नारळ

"तुळसाबाई आहेत का घरात?"

पुढच्या अंगणातल्या खळ्यातून तिसऱ्यांदा हाक आली, तेव्हा तुळसाने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि पेजेत मीठ घातलं. घरातच होती ती. चार महिने घरातच तर होती, जाणार कुठे? पण ओ द्यायची तिची तयारी नव्हती. बाहेर गुरुप्रसादशेठ उभे होते, कोळंबी सोलून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्याचे मालक. एप्रिलपर्यंत ते तिला "ए तुळसे" म्हणत. आज 'बाई' लागलं होतं आणि वर 'आहेत का'. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. या म्हणीत आपण कोण ते ठाऊक असूनही तुळसाला आज ती म्हण आवडली.

"गो बाय, पावसाचा उबा हाय मानूस," मागच्या दारात बसलेली तिची जाऊ गंगा म्हणाली. "बग तरी भायेर जाऊन."

"उबा ऱ्हाव दे. मी पन हुती उबी."

तुळसा कुठे उभी होती ते साऱ्या वाडीला माहीत होतं.

एप्रिलमध्ये एका दुपारी शेठनी सोलणाऱ्या सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं की बाहेरच्या ऑर्डरी तुटल्या, उद्यापासून येऊ नका, परत बोलावतील अशा आशेवरही राहू नका. बायकांनी एप्रन धुऊन खुंटीला लावले आणि घर गाठलं. रडलं कोणी नाही. दर महिन्याच्या पगारातून विम्याचे पैसे कापून जात होते, आणि काम सुटलेल्या माणसाला त्या विम्यातून काही महिने निम्मा पगार मिळतो असं तुळसाच्या लेकीने, ज्ञानेश्वरीने, कॉलेजात ऐकलं होतं. मग तुळसाच सगळ्यांची कागदपत्रं पिशवीत घालून शहरातल्या विम्याच्या ऑफिसात गेली.

तिथला कारकून सभ्य माणूस होता. त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "बाई, तुमच्या मालकांनी भरलंय की तुम्ही स्वतःच्या मर्जीने काम सोडलंत. काढलं असतं तर भत्ता होता. आपणहून सोडणाऱ्याला नाही. मालकांकडून एवढं दुरुस्त करून आणा, मी लगेच पुढे पाठवतो."

"कुनाकुनाच्या नावाम्होरं लिवलंय तसं?"

"सगळ्यांच्या."

दुसऱ्या दिवशी तुळसा कारखान्याच्या फाटकाशी गेली. वॉचमनने आत सोडलं नाही, म्हणून सकाळपासून उन्हात उभी राहिली. संध्याकाळी शेठची गाडी बाहेर आली. काच दोन बोटं खाली झाली.

"अगो, कॉम्प्युटर आहे तो. एकदा गेलं की गेलं. ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही."

काच वर गेली. तरीही ती पुन्हा गेली, आणि पुन्हा. मे महिन्यात नाइलाज झाला, तेव्हा नवऱ्याने, काशीरामने, मरायच्या आधी लावलेली हापूसची दोन कलमं तिने पाच वर्षांच्या कराराने व्यापाऱ्याला देऊन टाकली. व्यापाऱ्याची माणसं तिच्या खळ्यातल्या झाडांवर चढून आंबे काढत होती आणि ती ओटीवरून बघत होती. त्यातला एक आंबा एका गड्याने तिच्या हातावर ठेवला, दया आली असावी. तो तिने गोठ्यातल्या गाईला घातला. त्या दिवसापासून तिला शेठचा राग येईनासा झाला. रागापेक्षा थंड असं काहीतरी पोटात बसलं आणि ते तिथेच राहिलं.

मग श्रावण आला. नारळी पौर्णिमा झाली, बोटी समुद्रात गेल्या आणि ऑर्डरी परत जुळल्याची बातमी आली. पाठोपाठ कारखान्याचा माणूस वाडीत सांगून गेला की परवा सकाळी गाडी येईल, सगळ्यांनी तयार राहा. मधल्या चार महिन्यांबद्दल त्याच्याकडे निरोप नव्हता.

त्या संध्याकाळी बायका देवळापुढच्या चौथऱ्यावर, सहाणेवर जमल्या. कोणी म्हणालं जाऊ या, पोट कुणाला चुकलंय. कोणी म्हणालं आधी विचारू या. तुळसा म्हणाली, "इचारून काय झालं तं मी बगलंय. आमी आपनहून सोडलं ना? मग सोडलं. नारळ ठेवू."

नारळ ठेवायचा म्हणजे साधी गोष्ट नव्हती. वाडीत एकीचं तोंड एकीकडे नि दुसरीचं दुसरीकडे असलं तरी देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की सगळी वाडी त्याला बांधली जाते. गाडी यायच्या दिवशी पहाटेच रामा गुरवाने देवीच्या पायाशी नारळ ठेवला आणि डोळे मिटून आळवलं, "आई म्हाराजा, या बायांच्या नावाम्होरचं खोटं जवर पुसलं जात नाय, तवर यातली एक पन शेटच्या कोळंबीला हात लावनार नाय. लावील तिचं तूच बगून घे."

"व्हय म्हाराजा," बायका म्हणाल्या. गंगाचा आवाज जरा उशिरा आला, पण आला.

सकाळी गाडी रिकामी परत गेली. ती कारखान्यात पोचताच शेठ स्वतःच्या गाडीने आले होते आणि आता खळ्यात भिजत होते. मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात त्यांनी पहाटे सगळी कोळंबी एकट्याने उचलली होती, कारण परदेशी जाणारा कंटेनर ठरला होता. ती कोळंबी टबांत बर्फाखाली पडली होती. बर्फाने कोळंबी गार राहते, पण वेळ काही थांबत नाही. डोकी वेळेत काढली नाहीत तर ती डोक्याकडून काळी पडायला लागते, आणि काळी पडलेली कोळंबी परदेशातला माणूस घेत नाही.

पेज शिजली. तुळसा हात पुसत बाहेर आली.

"बोला शेठ."

"तुळसाबाई, अहो काय हे? तुमच्याशिवाय कोण आहे मला? माल पडलाय सगळा."

"आमी काम सोडलंय. तुमीच लिवलंय तसं."

"ते होय? एवढंच ना? ते आत्ता बदलतो. नम्रता, लॅपटॉप आण गो." कारखान्याच्या ऑफिसातली नम्रता गाडीतून उतरली. एप्रिलमध्ये सगळ्यांच्या नावापुढे 'मर्जीने सोडलं' असं हिनेच भरलं होतं, शेठच्या सांगण्यावरून. तुळसाकडे बघायचं धाडस काही तिला झालं नाही.

नेटवर्क फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येत होतं. नम्रता तिथे दगडावर बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन, आणि लॅपटॉप भिजू नये म्हणून शेठनी तिच्यावर छत्री धरली. शेठची पाठ भिजत होती. ओटीवर, बांधावर, विहिरीच्या कठड्यावर बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. ब्रह्मदेवाला जमणार नव्हतं ते नम्रताने गाईच्या शेणाशेजारी बसून केलं. तुळसाच्या नावापुढे आता 'मालकाने कामावरून कमी केले' असं आलं.

"झालं. बाकीच्यांचं उद्या करून टाकू," शेठ म्हणाले. "चला आता."

"मग कोळंबी पन उद्या सोलू."

शेठनी तोंडातला शब्द गिळला आणि छत्री परत नीट धरली. एकेक नाव पुढे येत होतं. मध्येच ते हळू आवाजात म्हणाले, "तुळसाबाई, मी हौसेने नाही केलं ते. कमी केलं असं लिहिलं की नोटिशीचा पगार द्या, भरपाई द्या, वर चौकशी लागते. बँकेला कळलं असतं तर कर्ज तिथल्या तिथे थांबलं असतं. सल्लागार म्हणाला असं भरा, सगळे असंच भरतात. मी पण मेलोच असतो."

ते खरं असेलही. शेठच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि ते काही कोळंबीच्या एका दिवसाने आलेलं नव्हतं. पण स्वतःचं मरण टाळायला या माणसाने दुसऱ्यांची चूल विझवली होती आणि वर काच लावून घेतली होती. तुळसाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि नम्रताला पुढचं नाव सांगितलं.

शेवटचं नाव झालं. शेठनी सुटकेचा श्वास टाकला. "चला, गाडी बोलावतो."

बायका हलल्या नाहीत.

"आता काय?"

"नारळ," गंगा म्हणाली. "नारळ उतरवल्याबिगर कसं यायचं, शेठ?"

"मग उतरवा. बोलवा रामा गुरवाला."

"तो संगमेश्वराला गेलाय, लेकीकडं," तुळसा म्हणाली. "गाऱ्हानं घातलं आनि पयली एस्टी पकडून गेला. सांजच्याला येल."

"फोन लावा त्याला."

"फोन घरात ठेवून जातो तो. हरवंल म्हनून."

शेठ तिच्याकडे बघत राहिले. रामा आज जाणार हे तुळसाला आठवडाभर माहीत होतं, आणि म्हणूनच तिने नारळ आदल्या संध्याकाळी न ठेवता पहाटे ठेवायला लावला होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. शेठना ते तिच्या तोंडावर वाचता आलं.

"मी उचलतो नारळ," ते म्हणाले.

बायकांत कुजबुज झाली. एक म्हातारी कठड्यावरून उठली. शेठची आई याच देवीची ओटी भरत भरत गेली होती, आणि ज्याने नारळ ठेवला त्यानेच तो उचलायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. ते आपण होऊनच खाली बसले. मग त्यांनी ड्रायव्हरला संगमेश्वराला पिटाळलं. हायवेचं काम वर्षानुवर्षं चाललेलं, त्यात पाऊस. गाडी कधी परत येईल ते ज्याला त्याला कळत होतं.

सूड म्हणजे काय ते तुळसाला त्या दिवशी कळलं, आणि खोटं कशाला बोला, तो तिला गोड लागला. शेठ दर थोड्या वेळाने कारखान्यात फोन करून बर्फ टाका, अजून बर्फ टाका म्हणत होते, आणि ती ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. दुपारी तिने त्यांच्यापुढे पेजेची वाटी आणि लोणचं ठेवलं. दारात आलेल्याला उपाशी ठेवायची वाडीत रीत नाही. शेठनी पेज खाल्ली, खाली मान घालून. लोणचं त्या दोन कलमांचं नव्हतं, बाजारातल्या कैऱ्यांचं होतं, पण ते त्यांना सांगून काय उपयोग होता?

तिन्हीसांजेला रामा गुरव आला. शेठच्या गाडीत बसून त्याला उलट्या झाल्या होत्या. त्याने हातपाय धुतले, देवीला हात जोडले आणि नारळ उतरवला. कारखान्यातून नुकताच फोन आला होता की निम्म्याहून जास्त माल डोक्याकडून काळा झालाय. उरलेला तरी वाचवायचा म्हणून कारखान्याची गाडी सहाणेशी लागली. बायका भराभर चढल्या. चार महिन्यांनी काम मिळत होतं आणि भत्त्याचीही वाट मोकळी झाली होती, त्यामुळे गाडीत हसण्याचे आवाज होते.

तुळसाने पदर खोचला आणि पायरीवर पाय ठेवला.

"तू नको," शेठ म्हणाले.

हसणं थांबलं.

"तुला नाही घेणार मी, तुळसे. आज नाही, पुढेही नाही. तुझ्यामुळे माझा किती माल गेला ते तुला ठाऊक आहे."

तुळसाने पाय खाली घेतला. आत गंगा दाराशीच बसली होती. ती उतरेल असं तुळसाला एक क्षण वाटलं, आणि आपल्याला तसं वाटलं याचीच तिला लाज वाटली. गंगाला दोन लहान पोरं होती. गंगा स्वतःच्या मांडीकडे बघत राहिली.

"बरं," तुळसा म्हणाली. "मग आता माज्या नावाम्होरचं खरं झालं, शेठ. तं काय बदलू नका."

गाडी गेली. रामा गुरव नारळ हातात घेऊन उभा होता, त्याने तो फोडून खोबऱ्याचा तुकडा तिला दिला. तिने खाल्ला. घरी येताना तिला शेठच्या काळ्या पडलेल्या कोळंबीचं समाधान होतं आणि गंगाच्या खाली गेलेल्या मानेचं दुःख होतं. दोन्ही घरापर्यंत तिच्याबरोबर आली.

पुढच्या आठवड्यात ती विम्याच्या ऑफिसात गेली. एकटीच होती. बाकीच्या रजा मिळेल तशा येणार होत्या. तोच कारकून होता. त्याने पडदा बघितला, मान हलवली आणि टेबलावरचं काळं यंत्र पुढे सरकवलं.

"अंगठा ठेवा."

"माजा लागत नाय, सायेब," तुळसा सवयीने म्हणाली. वर्षानुवर्षं कोळंबीचे काटे आणि बर्फाचं पाणी लागून सोलणाऱ्या बायकांच्या बोटांवरच्या रेघा झिजून जातात. रेशनच्या दुकानात नेहमी ज्ञानेश्वरीचाच अंगठा घ्यायचे. "लेकीला घेऊन येऊ?"

"ठेवून तर बघा."

तिने ठेवला. यंत्रात हिरवा दिवा लागला.

"लागला की," कारकून म्हणाला आणि लिहायला लागला.

तुळसाने हात डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यावर बारीक गोल रेघा भरून आल्या होत्या, लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा होत्या तशा. हे बोट पुन्हा झिजवायला आता कोणी बोलावणार नव्हतं. तिने मूठ मिटली, खुर्ची पुढे ओढली आणि सही कुठे करायची ते विचारलं.