तासाभराचे अंतर

“मास्तर, निघालात का?”

फोनवर उल्बोसिनचा आवाज चढलेला होता. तिच्यामागे पंपाची घरघर ऐकू येत होती, आणि त्या घरघरीत मधूनच एक कोरडी खरखर मिसळत होती.

“निघतोच आहे,” सेरिमबेत म्हणाले. खुर्चीतून मात्र ते हलले नाहीत.

समोरच्या पडद्यावर तासबुलाकच्या बॉयलरघराचे आकडे दर पाच सेकंदांनी बदलत होते. पहिल्या पंपाच्या बेअरिंगचे तापमान चौऱ्याऐंशी अंश. सकाळी पाळी सुरू झाली तेव्हा ते एकसष्ट होते. पंचाण्णवला पंप आपोआप थांबतो आणि राखीव पंपाने काम उचलायचे असते. पण मे महिन्यातल्या दुरुस्तीनंतर राखीव पंपाचा खटका हाताने चालवायच्या जागेवरच राहून गेला होता, आणि तो खटका कुलूपबंद लोखंडी कपाटात होता. तासबुलाकमध्ये उणे छत्तीस अंशांची थंडी होती. गावातली घरे तापवणारे पाणी फिरायचे थांबले की तासाभरात टोकाच्या बारीक नळ्या गोठू लागतात, आणि अगदी टोकाला स्टेशनजवळचे प्रसूतिगृह होते.

“कपाटाची एक किल्ली तुझ्या खोलीत खिळ्याला असते ना?”

“असायची.” उल्बोसिन म्हणाली. “जूनमध्ये हरवली, मास्तर. कळवलं नाही मी. म्हटलं, दुसरी तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही काय, पाच गल्ल्या सोडून राहता. रागवायचं ते मागाहून रागवा. आधी किल्ली घेऊन या.”

किल्ली सेरिमबेतांच्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्यात होती. डबा, टेबल आणि सेरिमबेत मात्र कराकोलमध्ये होते. तासबुलाकपासून अकराशे किलोमीटरवर, सीमेपलीकडे, बुरुलचा आपा नावाच्या वयस्कर बाईंच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत.

हे तासबुलाकमध्ये कोणालाही माहीत नव्हते. बावीस वर्षे त्यांनी तासबुलाकच्या तंत्रशाळेत पंप आणि उष्णता हे विषय शिकवले. उल्बोसिन त्यांचीच विद्यार्थिनी. शाळा बंद पडली तेव्हा बॉयलरघराने त्यांना देखरेखीचे काम दिले. घरी बसून आकडे पाहायचे, काही बिघडताना दिसले की पाळीवरच्या माणसाला सांगायचे. करारात एकच अट जाड अक्षरांत होती : गरज पडल्यास एका तासाच्या आत हजर होता येईल, अशा अंतरावर राहावे.

तीन हिवाळ्यांपूर्वी कोळशाच्या धुळीने जडलेला खोकला थांबेना, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते दहा दिवसांच्या रजेवर या बर्फाच्या गावात आले. चौथ्या दिवशी तिकडे देखरेख करणारा जोडीदार आजारी पडला आणि त्याची पाळी सेरिमबेतांनी इथूनच केली. कोणाला फरक कळला नाही. ही गोष्ट त्यांना आधी गमतीची वाटली, मग सोयीची, आणि अलीकडे अलीकडे भीतीची. खोकला थांबला होता. दहा दिवसांचे तीन हिवाळे झाले होते.

खोटेपणाही त्यांनी शिस्तीने सांभाळला. मनगटावरचे घड्याळ तासबुलाकच्या वेळेवर, म्हणजे आपांच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा एक तास मागे. पाठीमागच्या खिडकीला राखाडी पडदा, म्हणजे कधी चेहरा दाखवावा लागला तर डोंगर दिसू नये. आणि संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात तासबुलाकच्या हवामानाचे पान कायम उघडे, म्हणजे तिथे वारा सुटला की इथे बसून वाऱ्याला शिव्या देता याव्यात.

बुरुलचा आपांकडे असे चार भाडेकरू होते. सगळे कानाला यंत्र लावून दूरदेशीच्या माणसांशी बोलणारे, आणि दुपारी बर्फावर घसरायच्या लाकडी पट्ट्या खांद्यावर टाकून डोंगरावर जाणारे. सेरिमबेत तेवढे कधी गेले नाहीत. आपांना त्यांची चेष्टा करायला आवडे. “आमचे आजे-पणजे वर्षभर फिरायचे,” त्या म्हणत, “पण आज कुठल्या कुरणात आहेत ते सगळ्या मुलखाला ठाऊक असायचं. तू हलत नाहीस जागचा, आणि कुणाला पत्ता देत नाहीस. हे कसलं रे भटकेपण?”

सत्याऐंशी.

“उल्बोसिन, गाडी सुरू होत नाहीये,” सेरिमबेत म्हणाले. वाक्य तयारच होते. त्यांना स्वतःलाच त्याचे नवल वाटले. “तेल गोठलंय बहुतेक.”

“मग थांबा तिथंच. तोख्तारला पाठवते. कोळसा उतरवून झालाय त्याचा. दहा मिनिटांत दारात येईल.”

“नको, मी बघतो काहीतरी—”

“काय बघता? पंप जळायला आलाय!” तिने फोन बाजूला धरून कोणाला तरी हाक मारली. ट्रकचे दार आपटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात इकडे दारावर थाप पडली आणि शेजारच्या खोलीतली अलेस्या बुटांचा खडखडाट करत डोकावली. ही मिन्स्कची मुलगी, खेळांसाठी चित्रे काढणारी. “काका, चला की एकदा तरी! काय सुंदर बर्फ पडलाय, डोंगरावर नेणारा दोरही सुरू झालाय!”

सेरिमबेतांनी हात हलवून तिला घालवले.

“कोण बोलतंय?” उल्बोसिनने विचारले.

“टीव्ही.”

“बंद करा तो टीव्ही.”

एकोणनव्वद. पडद्यावर सारे दिसत होते : दाब, वेग, कंप, जाणारे पाणी, परतणारे पाणी. हात मात्र कशालाच लावता येत नव्हता. तीन वर्षांत ही उणीव त्यांना एकदाही जाणवली नव्हती, कारण तिकडे हात होते आणि ते हात त्यांच्या सांगण्यावर चालत होते.

नव्वदला मुख्य अभियंते कनापिया यांना आपोआप इशारा जात असे. पुढच्याच मिनिटाला त्यांचा संथ, जड आवाज फोनवर आला. “मी ऐकतोय. किल्ली कुठे आहे?”

“सेरिमबेत मास्तरांकडे आहे, साहेब. तोख्तार आणायला गेलाय.”

“ठीक. सेरिमबेत, तोवर काय करायचं ते सांगत राहा.”

“बेअरिंगवर ओली गोणपाटं टाक,” सेरिमबेत म्हणाले. “फिरत्या दांड्यापासून हात लांब ठेव. भट्टीचा पंखा अर्ध्यावर आण. पंप थांबला तर बॉयलरमधलं पाणी उकळायला वेळ लागणार नाही.”

हे सगळे बरोबर होते. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. वर्गात कसा असे तसाच तो होता, आणि म्हणूनच त्यांना तो ऐकवेना.

उल्बोसिनच्या दुसऱ्या हातातला बिनतारी संच खरखरला. त्यातला तोख्तारचा आवाज सेरिमबेतांना फोनमधून ऐकू आला. “अगं, इथे दारात कंबरेइतका बर्फ आहे. एक पाऊल उमटलेलं नाही. धुराडं गार, खिडक्या आतून पांढऱ्या. मी हाका मारतोय, ओ नाही. मास्तरांशी बोलणं झालं म्हणतेस, पण नक्की कधी?”

“आत्ता! आत्ता बोलतायत माझ्याशी!”

“मग भ्रमात बोलत असतील. चक्कर येऊन पडलेत आत. मी खिडकी फोडतोय. तू दवाखान्यात फोन कर.”

“मास्तर!” उल्बोसिन ओरडली. “मास्तर, तुम्ही पडलात का? खरं सांगा, छातीत दुखतंय का?”

ब्याण्णव.

अजून एक वाक्य तयार होते. मी बहिणीकडे आहे, स्टेशनपलीकडे. तिकडे पाठव त्याला. ते वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन थांबले. आणखी अर्धा तास सहज निघाला असता. पण तोख्तारच्या ट्रकमध्ये लोखंड कापायचा ग्राइंडर होता. अख्ख्या बॉयलरघरात तेवढा एकच. आणि तो त्यांनीच एका रिकाम्या घराच्या दारात नेऊन उभा केला होता.

“खिडकी फोडू नकोस म्हणावं त्याला,” सेरिमबेत म्हणाले. “मी घरात नाही. गावातही नाही. मी कराकोलमध्ये आहे.”



“कुठल्या कराकोलमध्ये?” उल्बोसिनने हळू आवाजात विचारले.

“सीमेपलीकडच्या. किल्ली इथे माझ्यापाशी आहे. तोख्तारला परत बोलाव, ताबडतोब. कपाट कापावं लागेल.”

“कधी गेलात?”

“तिसरा हिवाळा आहे.”

 

तोख्तार परत येण्याआधीच पंप थांबला. पडद्यावरची दाबाची रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली. खरखरही थांबली, आणि ती शांतता त्या आवाजाहून भयंकर होती.

“उल्बोसिन, ऐक. पंखा पूर्ण बंद. भट्टीचं दार उघड, गार हवा आत जाऊ दे. निखारे पुढे ओढ. वरची वाफेची झडप दोन आटे सैल कर, तोंड बाजूला ठेवून. झालं की सांग.”

फावड्याचा आवाज येऊ लागला. लोखंडावर लोखंड, मग तिचा धापा टाकणारा श्वास, मग वाफेचा फुत्कार. सेरिमबेत घड्याळाकडे पाहत होते. सहा मिनिटे. अकरा मिनिटे. प्रसूतिगृहाकडच्या नळीचे तापमान त्रेपन्नावरून एकोणपन्नासवर आले.

चौदाव्या मिनिटाला तोख्तार पोचला. “कुलूप उडवतो,” त्याचा आवाज आला, आणि ग्राइंडर सुरू झाला.

“थांब!” सेरिमबेत खुर्चीतून उठले. “कुलपाला हात लावू नकोस! त्याच्यामागे दोन बोटांवर तांब्याच्या पट्ट्या आहेत, त्यांत वीज आहे. डाव्या बाजूला ये. तीन बिजागऱ्या दिसतायत?”

“दोनच आहेत.”

“तिसरी रंगाखाली आहे, खालून एक वीत. मी बसवली तेव्हा रंग नव्हता. वरून सुरू कर. पातं बाहेरच्या बाजूला तिरकं धर.”

“तीन वर्षं नाहीत इथं,” तोख्तार पुटपुटला, “आणि बिजागऱ्या मोजतायत.”

ठिणग्यांचा आवाज. एक बिजागरी. दुसरी. तिसरीला वेळ लागला. मग पत्रा जमिनीवर आदळल्याचा दणका आला आणि उल्बोसिनने विचारले, “खटका डावीकडे की उजवीकडे?”

“उजवीकडे. हातमोजा घालून. सावकाश.”

दाबाची रेघ आधी थरथरली, मग हळूहळू वर चढू लागली. सेरिमबेत उभेच होते. परतीचे पाणी फिरायला लागले. प्रसूतिगृहाची नळी बेचाळीस अंशांवर येऊन थांबली, तिथेच घुटमळली आणि मग त्रेचाळीस झाली.

कोणी शाबासकी दिली नाही. कनापिया म्हणाले, “करारातलं कलम तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“लेखी द्या, जसं घडलं तसं. आजची पाळी संपवा. सहा वाजता यंत्रणेतला तुमचा प्रवेश बंद होईल.” ते फोन ठेवणार होते, पण थांबले. “बिजागऱ्यांचं सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर पोरगा गेला असता.” मग त्यांनी फोन ठेवला.

उल्बोसिन अजून फोनवर होती.

“मास्तर, परवा म्हणालात, वाऱ्यानं रात्रभर खिडकी वाजत होती.”

“हवामानाच्या पानावर वाचलं होतं.”

“मी खिडकीला लावायला लोकरीची पट्टी विणत होते तुमच्यासाठी.” ती रागावली असती तर बरे झाले असते. “निम्मी झालीय.”

“उल्बोसिन—”

“भट्टी पेटवायचीय मला परत,” ती म्हणाली.

दुपारी सेरिमबेतांनी अहवाल लिहिला. मिनिटांसकट, आकड्यांसकट. स्वतःच्या राहण्याबद्दलचा परिच्छेद त्यांनी लांबवला नाही आणि त्यात खोकल्याचा उल्लेखही केला नाही. किल्लीच्या ठिकाणी आल्यावर त्यांची बोटे थांबली. जूनमध्ये हरवलेल्या किल्लीची गोष्ट कनापिया फोनवर यायच्या आधीची होती; त्यांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी लिहिले : “देखरेख करणाऱ्याने किल्ली स्वतःबरोबर परदेशी नेल्यामुळे कपाट वेळेत उघडता आले नाही.” वाक्य खरे होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचले आणि पाठवून दिले.

पाळी मात्र त्यांनी पूर्ण केली. दर तासाला आकडे टिपले, एकदा दाब किंचित उतरला तेव्हा सूचना पाठवली. “केलं,” एवढेच उत्तर आले. बर्फावर घसरायला गेलेले भाडेकरू गालांवर लाली घेऊन परतले, त्यांचे बूट ओसरीत आपटले, अलेस्या कोणाला तरी आपण कसे पडलो ते हसत हसत सांगत राहिली. त्यांच्या मनगटावर सहा वाजले. आलेख विझला आणि त्या जागी एक पांढरी चौकट आली, नाव विचारणारी. सेरिमबेतांनी सवयीने ते लिहिले. चौकट पुन्हा रिकामी होऊन समोर आली.

ते स्वयंपाकघरात गेले. बुरुलचा आपा कणीक मळत होत्या. त्यांनी मानेनेच बाकाकडे खूण केली आणि चहाचा वाडगा पुढे सरकवला.

“आज तुझ्या खोलीतून मोठमोठ्यानं आवाज येत होता,” त्या म्हणाल्या. “कुणी गेलं का रे?”

“नाही, आपा. सगळे आहेत.”

 बाकाच्या मागे भिंतीलगत घर तापवणाऱ्या पाण्याच्या दोन नळ्या गेल्या होत्या, वरची जाणारी, खालची परतणारी. सेरिमबेतांनी वरच्या नळीला तळवा लावला आणि मनातल्या मनात आकडे मोजून तो काढून घेतला. मग वाकून खालच्या नळीवर ठेवला.

“गारठलास काय?”

“नाही,” सेरिमबेत म्हणाले. “परतीचं पाणी बघतोय.”

“मग? येतंय का?”

त्यांनी होकाराची मान हलवली. चहावर साय धरली, आपांची कणीक मळून झाली, तरी त्यांचा हात तिथेच होता.