दोन बाटल्या आणि एक डबा

काकूंचा पहिल्या दिवसापासून कशावरच विश्वास नव्हता. डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं होतं, मेंदूत बारीक बारीक कुलपं असतात, ही नवी गोळी म्हणजे त्यांची किल्ली. लागली तर काकांच्या आठवणींचं दार उघडेल. पण ही चाचणी आहे, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच, आतून पोकळ. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला वाट दाखवायची," काकू पुटपुटल्या आणि सही केली. करतात काय? आदल्या रात्रीच काकांनी त्यांना अदबीनं विचारलं होतं, "बाई, तुम्हाला न्यायला घरचं कुणी येणार आहे ना?" चाळीस वर्षं दारोदार टपाल वाटलेला माणूस, आणि स्वतःच्या घरात बाई परकी.

दोन महिने झाले, फरक नाही. दवाखान्यात शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या गणिताच्या मास्तरांना मात्र नातीचा फोन नंबर आठवला. काकूंच्या मनात पाल चुकचुकली. नर्स मास्तरांची बाटली उजव्या खणातून काढते, आपली डाव्यातून. का बरं?

मजा अशी, की मास्तरांच्या बायकोलाही उलटा संशय. "आकडे यांना झोपेतही येतात हो. पोकळ आमचीच असणार."

मग दोघींनी मिळून शहाणपणा केला. मंगळवारी दवाखान्यातून बाटल्या मिळत, बुधवारी काकूंच्या टेबलावर बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ओतल्या जात. डबा खळाखळा हलवायचा, मोजून पुन्हा भरायचा. खरी असेल ती दोघांच्या पोटात जाईल. काका खिडकीशी बसून बाहेर बघत. त्यांच्यापासून काय लपवायचं?

पुढच्या महिन्यात परीक्षा. नर्सनं पंधरा शब्द वाचले, वीस मिनिटांनी विचारले. काकांनी चार सांगितले. एरवी दोनावर गाडी अडायची. काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"आणखी काही आठवतंय का, काका?" नर्सनं विचारलं.

काका सावरून बसले. "मी उभ्या नोकरीत एकाचं पत्र दुसऱ्याच्या पेटीत टाकलं नाही. पण आमची ही दर बुधवारी मास्तरांच्या बाटलीत आमच्या गोळ्या भरते. बिस्किटांचा डबा आहे, निळा. हे नियमात बसत नाही."

नर्सचं पेन थांबलं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तेवढ्यातच डोळे भरून आले. आमची ही म्हणाले. बाई नाही म्हणाले.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. दोघा पुरुषांचा रक्तदाब तपासला, फाइल मिटली. "दोघांनाही चाचणीतून काढावं लागेल, काकू."

"पण त्यांना आठवलं की. म्हणजे गोळी खरीच होती ना?"

"कुठली? तुम्ही डब्यात हलवलीत ती? आता देवालाच विचारा."

 तोही काही सांगेल, याची काकूंना त्या क्षणी खात्री वाटेना.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात त्या काकांकडे तिरक्या नजरेनं बघत राहिल्या. या माणसाच्या डोक्यात आणखी काय काय आहे?

"आणि मला परकी बाई समजलात, ते आठवतं?"

"कधी?" काका म्हणाले.

काकूंना ते खरं वाटेना, आणि खोटं म्हणवेना. जिन्यापाशी काका चुकीच्या बाजूला वळले. काकूंनी त्यांचा हात धरून अलगद आपल्याकडे वळवलं.