मागचा डावा स्पीकर

चंदेरी रिमोट इतका हलका होता की तो हातात आहे हे लतिकाला अंगठ्याखालच्या गुळगुळीतपणामुळेच कळत होतं — मधोमध एकच मोठं गोल बटण, बाकीची सगळी एका सरकत्या झाकणाखाली लपवलेली. "हे दाबलं की टीव्ही, डीव्हीडी, स्पीकर, सगळं एकदम सुरू," सेल्समन म्हणाला. छातीवरच्या पट्टीवर सिद्धेश असं नाव होतं. "काकूंनासुद्धा जमेल." सुद्धा… पण होता छान. भिंतीवर टांगायचे अरुंद काळे स्पीकर, धूळ पुसायला सोपे, आणि गणपतीची सूट धरून बजेटातही बसत होते.

आचोळ्याच्या घरून दुकानात येताना रिक्षात बापलेकीचा वाद झालाच होता. उन्नतीला पाच स्पीकरवाला होम थिएटरच हवा होता, बारावी झाल्यावर घेऊ असं कबूल केलेला. प्रल्हादचं एकच पालुपद — समोर ठेवायचा एक डबा पुरे, मागे कशाला हवेत आणखी दोन? लतिकाला ते नेहमीसारखंच वाटलं. या माणसाला घरात नवं काही नकोच असतं. तिने ओठ मिटून घेतले होते. ते तिला आता न ठरवता जमायचं.

वरच्या मजल्यावर डेमोची खोली होती. प्रल्हाद मधल्या खुर्चीत, उन्नती त्याच्या डावीकडे, लतिका उजवीकडे. "डोळे मिटा," सिद्धेश म्हणाला, "आणि घोडा जिकडे जाईल तिकडे बोट दाखवत राहा."

टापा उजवीकडून आल्या, पाठीमागून फिरल्या, डाव्या कोपऱ्यात जाऊन थांबल्या. तिथे तो घोडा नाक फुरफुरवत उभा राहिला — इतका खरा, की लतिकाने घाबरून डोळे उघडले. तिचं बोट डाव्या कोपऱ्याकडे होतं. उन्नतीचंही. आणि प्रल्हादचं… प्रल्हादचं बोट तिच्याकडे होतं. सरळ तिच्याकडे, उजवीकडे, जराही न हलता, आणि मिटल्या डोळ्यांच्या त्या चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ताण.

सिद्धेश त्याच्या डाव्या खांद्याशी वाकला. "साहेब, घोडा कुठंय?" उत्तर नाही. "साहेब?" नाही.

"बाबा, चीटिंग नको हं, डोळे उघडा!" उन्नतीने त्याला हलवलं. तो दचकला, हसला. "मला काय कळतंय त्यातलं. आवाज आला म्हणजे झालं."

लतिकाला एकेक आठवत गेलं. फोन नेहमी उजव्या कानाला. रस्त्याने चालताना बायको उजवीकडेच हवी — ती चुकून दुसऱ्या बाजूला गेली तर हा थांबायचा, मागून वळसा घालून यायचा, आणि मी त्याला हट्टी म्हणायचे. लग्नात, हॉटेलात, डावीकडे भिंत असेल अशीच जागा… बावीस वर्षं एका घरात राहून हे मला दिसलं नाही?

आणि मग तो रविवार — तो तर तिने बोलावलाही नव्हता. कढईत पुऱ्या तडतडत होत्या, प्रल्हाद दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होता, डावी बाजू स्वयंपाकघराकडे. लतिकाची आई तेव्हा विरारला दादाकडे होती, ओट्याखाली अंथरूण घालून झोपायची. आठ दिवस मनात घोळवलेलं वाक्य लतिकाने झाऱ्याकडे बघत एका दमात म्हणून टाकलं होतं — आईला आपल्याकडे आणू या का? प्रल्हादने पान उलटलं. एवढंच. त्या पान उलटण्याचा आवाज तिने किती वर्षं जपला होता… पुन्हा विचारलं नाही. आई ओट्याखालीच गेली. तेराव्याला प्रल्हाद रडला तेव्हा लतिकाला त्याची किळस आली होती.

उन्नती रंग बघायला खाली गेली. जिन्याच्या वळणावर लतिका मुद्दाम त्याच्या डावीकडे झाली. "अहो," ती हळूच म्हणाली. तो कठड्याला हात लावून उतरत राहिला. ती पुढे होऊन उजवीकडे आली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

तो थांबला. नाकारील असं तिला वाटलं. "लहानपणी कान फुटायचा," तो म्हणाला. "डावा गेला तो गेलाच."

"मला सांगितलं नाहीत?"

"लग्न ठरताना माझी आई म्हणाली, बोलू नकोस. मग राहूनच गेलं. आणि मला वाटायचं, तुला ठाऊक आहे. नेहमी उजवीकडूनच बोलतेस."

तिने कठडा धरला. विचारू नये, असं आत कुणीतरी सांगत होतं. "मी एकदा विचारलं होतं… आईला आपल्याकडे आणण्याबद्दल."

"कधी?" त्याच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. "मला तर वाटायचं, तुलाच नकोय. दादाकडे बरी आहे म्हणायचीस. आतली खोली रिकामीच होती की आपली."

खोली रिकामी होती. तीत आपण इस्त्रीचे कपडे ठेवत होतो… जोरात बोलायला, पेपर खाली करायला लावायला, पुढच्या रविवारी पुन्हा विचारायला काय लागलं असतं? त्याने नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या एका नकारावर ती इतकी वर्षं उभी होती, आणि तो नकार कुणी दिलाच नव्हता.

खालून उन्नतीने हाक मारली, "आई, काळा की सिल्व्हर?"

"सांग तिला," प्रल्हाद म्हणाला, आणि मग तिच्याकडे नीट बघत, "काय झालं? बोल ना."

ती त्याच्या उजवीकडे उभी होती, अगदी जवळ. आता जे बोलेन ते याला ऐकू जाईल, सगळंच्या सगळं… लतिकाने तोंड उघडलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला त्या ऐकू जाण्याची भीती वाटली.