पहिली की दुसरी

कारखान्यात त्यांना चालेलराव म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी पट्ट्यावरून सरकणाऱ्या काचेच्या बाटल्या तपासल्या. तडा, बुडबुडा, वाकडी मान दिसली की बाटली बाजूला. सगळे नकार तिथेच खर्ची पडत असावेत, कारण फाटकाबाहेर ते कशालाच नाही म्हणत नसत. भाजीत मीठ नाही? चालेल. मेहुणा महिनाभर राहायला येतोय? चालेल. आठ महिन्यांपूर्वी बायकोच्या खाटेशी डॉक्टर म्हणाले, "आता काही करण्यासारखं नाही," त्यावरही तोंडातून तेच गेलं. मुलीने तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही कधीकधी तशीच पाहते.

आता ते त्या मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. वाटेतल्या शहरात गाडी बदलायची होती. मध्ये साडेतीन तास. शहराकडून त्यांच्या अपेक्षा दोनच, स्वच्छ संडास आणि पाठ असलेलं बाकडं. दोन्ही दहा मिनिटांत मिळाली. पुढे करण्यासारखं काही उरलं नाही.

मुलीचा निरोप आला: 'बाबा, घरमालक पाचपर्यंत उत्तर मागतायत. तिथल्या आपल्या खोल्या सोडतोय असं कळवू ना? नवा भाडेकरू दारात उभा आहे.'

'चालेल' लिहायला त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला तर काडी हातात आली. स्क्रू बाकड्याखाली घरंगळून बेपत्ता. एका हाताने चष्मा धरायचा, दुसऱ्याने फोन, मग लिहायचं कशाने? ते उठले आणि रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात शिरले.

दुकानातल्या बाईंनी चष्मा उजेडात धरला. "स्क्रू बसवते. पण ह्यातून तुम्हाला दिसतं तरी काय?"

"दिसतं की."

बाईंनी चष्मा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "समोरची पाटी वाचा."

"वाचनालय."

"तिथे केस कापतात, काका. या, बसा आत."

नाकावर लोखंडी चौकट चढली. बाई एकेक काच घालू लागल्या. "पहिली बरी की दुसरी?"

"चालेल."

"कुठली?"

"कुठलीही."

"माझ्या पेटीत चालेलची काच नाही. पहिली की दुसरी?"

चालेलराव घामाघूम झाले. "मागच्या वेळी, आठ-दहा वर्षं झाली, ही सोबत होती."

"ही म्हणजे?"

"आमची ही. तिने सांगितलं होतं."

बाईंचा हात थांबला. "तुमच्या डोळ्यांना काय दिसतं, ते त्यांनी सांगितलं?"

"मला वेळ लागत होता. मागे रांग होती. ती म्हणाली, त्यांना पहिलीच बरी."

"म्हणजे आठ-दहा वर्षं तुम्ही बायकोच्या अंदाजाने बघताय."

ह्यावर हसू यायला हवं होतं, किंवा रडू. चालेलरावांनी दोन्हींची थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही.

"दुसरी," ते म्हणाले. मग, "नाही, पहिली. थांबा. दुसरी."

"बदला हव्या तितक्या वेळा. डोळे तुमचे आहेत."

अर्ध्या तासाने बाईंनी त्यांना चौकटीसकट फुटपाथवर उभं केलं. रस्ता तोच होता, पण त्यात बरंच काही भरलेलं निघालं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई दाताने दोरा तोडत होती. सलूनवाल्याच्या कंगव्याचे दोन दात पडले होते. झाडाला सुटी सुटी पानं होती. त्यांच्या हिशेबी झाड म्हणजे हिरवा ढिगारा. येणारेजाणारे त्यांच्या चौकटीकडे बघत आणि त्यांना त्या लोकांच्या भुवया दिसत. शहरात पाहण्यासारखं काही नव्हतं, आणि चालेलराव वीस मिनिटं पाहत राहिले. आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाय हलले नाहीत, एवढंच.

"नव्या काचा सहाला मिळतील," बाई दारातून म्हणाल्या.

"माझी गाडी पावणेपाचला आहे."

"मग जुन्याला स्क्रू लावून देऊ?"

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, निरोप वाचलात ना? घरमालक लाइनवर आहेत. हो सांगू?"

"नको," चालेलराव म्हणाले. बाटलीसाठी जो आवाज लावत, तोच लागला.

"नको म्हणजे?"

"घर एकदा बघतो, मग सांगतो. आज येत नाही."

"अहो, तीस वर्षं बघताय की ते!"

"नंबर चुकीचा होता."

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

त्यांनी प्रामाणिकपणे आत चाचपून पाहिलं. "ते अजून कळलेलं नाही," ते म्हणाले, आणि चौकट सांभाळत बाईंना विचारू लागले, सहानंतर परतीची गाडी कितीला असते.