हद्दीबाहेर

सोल्डरिंगच्या धुराने डोळे चुरचुरत असतानाच तिने चिपचा शेवटचा पाय चिकटवला आणि फुंकर मारली. भंगारातल्या टीव्हीमधून काढलेली ती चिप रेडिओच्या वरच्या पट्ट्यातली फ्रिक्वेन्सी भागून तिने बनवलेल्या काउंटरला, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या डब्याला, मोजता येईल इतकी खाली आणणार होती. तिच्यावाचून सगळं घोडं अडलं होतं.

"आज तरी बोलणार का गं तुझा डबा?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"डबा बोलत नाही, आई. मोजतो."

"मग मोजू दे. त्या मेल्याचं तोंड बंद होईपर्यंत मोजू दे."

तो मेला म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाचा सेक्रेटरी. रेडिओवरच्या संध्याकाळच्या गप्पांत, सगळे ऐकत असताना त्याने जाहीर केलं होतं, की हिचा घरी बनवलेला सेट हौशी लोकांना नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या हद्दीबाहेर भरकटतो. "कवळ्या बनवणं वेगळं आणि सेट बनवणं वेगळं, ताई. माझ्याकडे आणा, मोजून देतो. तोवर बोलू नका." दोघंतिघं फिदीफिदी हसले होते.

दातांच्या लॅबमध्ये ती खरंच कवळ्या बनवायची, आणि त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. मंडळात काउंटर एकट्या सेक्रेटरीकडे होता, म्हणून जो तो त्याच्या दारात जाऊन उपदेश ऐकून यायचा. ती जाणार नव्हती. "मोजायचं यंत्रही मीच बनवीन," एवढं बोलून तिने माइक खाली ठेवला होता, तो आजतागायत उचलला नव्हता.

तिने बटण दाबलं. लाल आकडे पेटले, थरथरले आणि स्थिर झाले. शेजारी ठेवलेल्या आपल्या सेटची तार काउंटरजवळ आणून तिने आकडा वाचला. पुन्हा वाचला. तिचा उतरलेला चेहरा सासूबाईंना दारातूनही दिसला.

"काय झालं?"

"सेट हद्दीच्या खाली दाखवतोय."

"मग डबाच खोटारडा असेल."

तिलाही तसंच वाटलं. खरं तर तसंच वाटावंसं वाटलं. तिने शॉर्टवेव्हवर प्रमाणवेळ देणारं केंद्र लावलं. त्याची फ्रिक्वेन्सी केसभरही हलत नाही. काउंटरची सगळी मोजणी ज्या क्रिस्टलच्या तालावर चालते, त्याचा सिग्नल त्या केंद्राशी भिडला तशी बारीक शीळ वाजू लागली. तिने श्वास रोखून छोटा स्क्रू फिरवला. शीळ खाली उतरत गेली, घरघरली आणि विरून गेली. म्हणजे दोन्ही जुळले; आता क्रिस्टल खरा होता. तिने सेट पुन्हा मोजला. आकडा जेमतेम हलला. सेट हद्दीच्या खालीच होता.

तिने सेट उघडून त्यातली कॉइल, तारेचं वेटोळं, जराशी ताणली, आणि आकडा हद्दीच्या आत आला. काम फुंकर मारण्याइतकं सोपं होतं, याचाच तिला जास्त राग आला.

"झालं ना?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "आता आधीचं काही बोलू नकोस. सांग त्याला, माझा सेट ठणठणीत आहे, कधीही मोज. झाकली मूठ."

रेडिओवर गप्पा सुरू झाल्या होत्या. सेक्रेटरी कुणाला तरी अँटेना कशी बांधावी ते सुनावत होता. तो थांबताच तिने माइक उचलला.

"मी बोलतेय. माझा सेट हद्दीबाहेर होता. तुमचं बरोबर होतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पलीकडून सेक्रेटरीचा मोठा श्वास ऐकू आला. "बघा! म्हणूनच म्हणत होतो, ताई. आता आणा इकडे, मी नीट मोजून—"

"मोजलाय. मी बनवलेल्या काउंटरवर. सेट दुरुस्तही केलाय, आणि आजपासून मी रोज बोलणार आहे."

तिने माइकचं बटण सोडलं.

"किती खाली होता?" सेक्रेटरीने विचारलं.

तिने आकडा सांगितला.

"मी इकडे ऐकून अंदाज काढला होता, तो थोडा वेगळा होता." त्याचा आवाज आता जरा सावध झाला होता. "तुमच्या काउंटरची खात्री काय?"

"तुमचा घेऊन या. दोन्ही शेजारी ठेवू आणि प्रमाणवेळेच्या केंद्राशी ताडून बघू. माझ्या टेबलावर."

तेवढ्यात एका अनोळखी बाईचा चाचरता आवाज आला, "ताई... माझाही सेट आणला तर चालेल?"

"आणा की."

तिने पत्ता सांगितला. सावकाश, सगळ्यांना लिहून घेता येईल असा. सासूबाई आत गेल्या आणि जास्तीच्या खुर्च्या ओढत बाहेर आल्या.