दोन हात अलीकडे

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर ओल्या चादरी उचलून खांद्यांचा भुगा झालेला, आणि त्यावर हा सराव! चाळिशीत हे कसलं खूळ, असं कोणी विचारलं असतं तर वहिनीने सरळ नणंदेकडे बोट दाखवलं असतं. फ्रिस्बीच्या नादाला लावलं ते तिनेच. नव्या घरात तोंड उघडायची चोरी असलेल्या वहिनीला तिने एका संध्याकाळी हाताला धरून मैदानावर आणलं, हातात प्लास्टिकची चपटी डिस्क कोंबली आणि म्हणाली, "आमच्या घरादारावर राग आहे ना? तो काढ हिच्यावर." तेव्हापासून वहिनी फेकणारी आणि नणंद धावणारी. सगळी टीम नणंदेला तुफान म्हणायची.

आता तुफानाचा गुडघा कुरकुरायला लागला होता. दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहायचं आणि संध्याकाळी धावायचं, शरीर तरी किती ऐकून घेणार? पण ते कबूल करेल तर ती तुफान कसली!

ड्रिल तसं साधंच. समोरून एकजण सुसाट धावत सुटते, मध्येच पाय रोवून झटकन बाजूला वळते. हा कट. फेकणारीने बघायचं ते माणसाकडे नाही, त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेकडे. डिस्क आणि माणूस तिथे एकदमच पोचले पाहिजेत. आणि गेले कित्येक आठवडे वहिनी नणंदेसाठी डिस्क दोन हात अलीकडे टाकत होती, जरा तरंगती. कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं. तुफान झेलायची, टीम टाळ्या वाजवायची आणि वहिनी मुकाट पुढची डिस्क उचलायची.

आज स्पर्धेची टीम ठरणार होती. "ही शेवटची स्पर्धा, वहिनी. मग मी घरी बसते," नणंदेचं घरात उठता-बसता हेच. पण सामन्यात फेकायला दुसरी कोणी असली तर ती थोडीच लाड करणार? भर मैदानात ही गुडघा धरून कोसळली म्हणजे? विचार करून करून वहिनीचं डोकं शिणलं होतं. खरं तर तिला आता नुसतं झोपायचं होतं.

शेवटच्या फेरीत तिने खांद्यातली कळ गिळली आणि डिस्क जिथे टाकायला हवी तिथेच टाकली. नणंद वळली, जीव खाऊन धावली, हात ताणला. डिस्क तिच्या बोटांपुढून निघून गवतात पडली.

"लांब गेली, वहिनी! परत एकदा," कॅप्टन ओरडली. कॅप्टन म्हणजे दोघींच्या मुलीच्या वयाची पोर, पण आवाज खणखणीत.

"हो गं, हात सटकला माझा," वहिनी पटकन म्हणाली. इतक्या सफाईने ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

पण या खेळात पंच नसतो. ज्याची चूक त्यानेच सांगायची, आणि प्रत्येक नव्या खेळाडूला हे दटावून शिकवायची ती तुफानच. ती गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

"थ्रो बरोबर होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी पोचले नाही."

नणंद लंगडत वहिनीजवळ आली.

"आज बरी खरी टाकलीस."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. "तुला माहीत होतं?"

"अगं, डिस्क माझी वाट बघत हवेत थांबते, ते कळत नाही होय मला?"

"मग बोलली का नाहीस, भवाने?"

नणंदेने घाम पुसला. "झेलायला बरं वाटायचं गं."

वहिनीला रडूच फुटलं, आणि तेही सगळ्या टीमसमोर.

"रडतेस काय बावळटासारखी? जा, रांगेत उभी राहा," नणंद म्हणाली आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "तुझी निवड व्हायचीय अजून."